गाडी साहेबांची आहे!

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

कोजागिरीच्या रात्रीची गोष्ट. पाच-सहा वर्षं झाली असतील. आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कविसंमेलन होतं. कविता झाल्या, मसाल्याचं दूध झालं, शाल-श्रीफळ झालं आणि या सगळ्यात परतीची शेवटची एस.टी. निघून गेली. उद्घाटनाला आलेले आमदार म्हणाले, ‘शायरसाहेब, चला की आमच्याबरोबर. आम्हीही तिकडंच निघालोय.’ माणूस दिलदार होता. कविता शेवटपर्यंत बसून ऐकणारा होता. मी मागच्या सीटवर, दोन पुष्पगुच्छांच्या मधोमध बसलो.

शहरात शिरताना एक एकेरी वाहतुकीचा रस्ता लागतो. वळसा टाळायचा म्हणून ड्रायव्हरनं गाडी उलट्या बाजूनं आत घातली, तीही भरधाव. पुढं चौकात नाकाबंदी होती. शिट्टी वाजली. एक हवालदार हात वर करून रस्त्याच्या मध्ये आला. ड्रायव्हरनं काच अर्धी खाली केली आणि एवढंच म्हणाला, ‘गाडी साहेबांची आहे.’ थांबवायला वर आलेला तो हात मी पाहत होतो. तो खाली आलाच नाही. तसाच थोडा वळला आणि त्याचा सलाम झाला.

आमदार हसून मला म्हणाले, ‘शायरसाहेब, आम्हाला असं अडवता येत नाही. विशेषाधिकार असतो आमचा.’ मीही हसलो. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. उभ्या आयुष्यात ज्याला कुणी सलाम ठोकला नाही, त्याला उसन्या सलामाचीही ऊब लागते.

पन्नास पावलांवर पानाची टपरी होती. तिथं गाडी थांबली. मी मागं वळून पाहिलं. त्याच हवालदारानं एक मोटारसायकल अडवली होती. मागं बायको, दोघांच्या मध्ये पेंगुळलेलं पोर. त्या माणसानं विचारायच्या आतच प्लॅस्टिकच्या पिशवीतून सगळे कागद काढून पुढं धरले. हवालदार ते बॅटरीच्या उजेडात वाचत होता. आमचं पान लागेपर्यंत त्याची पावती फाडून झाली होती.

माझे अब्बा एस.टी.त ड्रायव्हर होते. लायसन त्यांच्या खाकी शर्टाच्या वरच्या खिशात, बटण लावलेलं. ते म्हणायचे, ‘बेटा, स्टेअरिंगमागं बसलेल्या माणसाचं नाव एकच – ड्रायव्हर.’ त्या रात्री मला हे वाक्य आठवलं आणि झोप लागेना. दुसऱ्या दिवसापासून मी एकाच प्रश्नाच्या मागं लागलो. आमदार म्हणाले ते खरं आहे का? रस्त्यावर पोलिसानं अडवू नये, असा काही अधिकार कायद्यानं लोकप्रतिनिधीला दिला आहे का?

मी कायद्याचा माणूस नव्हे. बी.ए. झालो, तेही मराठी घेऊन. पण राज्यशास्त्राचा एक पेपर होता, आणि आमच्या गल्लीत एक जुने वकील राहतात. त्यांच्या ओट्यावर बसून आणि राज्यघटनेची पानं चाळून जे हाती लागलं, ते आज आपल्यासमोर मांडतो.

विशेषाधिकार असतो, हे खरं आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०५ मध्ये खासदारांचे आणि अनुच्छेद १९४ मध्ये आमदारांचे विशेषाधिकार सांगितले आहेत. त्यांतला सगळ्यांत मोठा अधिकार बोलण्याचा. सभागृहात किंवा सभागृहाच्या समितीत सदस्य जे बोलेल, जसं मत देईल, त्याबद्दल त्याला कोणत्याही न्यायालयात खेचता येत नाही. एखाद्या आमदारानं सभागृहात उभं राहून एखाद्या बड्या माणसाचं नाव घेऊन भ्रष्टाचाराचा आरोप केला, तर त्या माणसाला अब्रुनुकसानीचा खटला भरता येत नाही. हेच वाक्य त्याच आमदारानं बाहेर येऊन चौकातल्या सभेत उच्चारलं, तर मात्र खटला भरता येतो. माणूस तोच, वाक्यही तेच. कवच मात्र सभागृहाला आहे.

दुसरा अधिकार अटकेबाबतचा, आणि सगळा गोंधळ इथंच होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम १३५-अ आहे. सभागृहाचं किंवा समितीचं कामकाज चालू असताना, तसंच त्याच्या ४० दिवस आधी आणि ४० दिवस नंतर, सदस्याला दिवाणी प्रकरणात अटक करता येत नाही किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. इथं ‘दिवाणी’ हा शब्द लक्षात ठेवायचा. समजा, एखाद्या आमदाराकडं कुणाचे पैसे थकले. सावकार कोर्टात गेला, हुकूमनामा मिळवला, तरी आमदार पैसे देईना. अशा वेळी कायद्यात देणेकऱ्याला दिवाणी तुरुंगात ठेवण्याची तरतूद आहे. पण अधिवेशनाच्या त्या काळात आमदाराला तसं नेता येणार नाही. संरक्षण आहे ते एवढंच. देणं माफ होत नाही, कोर्टाचा निकालही रद्द होत नाही.

फौजदारी गुन्ह्याला मात्र हे संरक्षण नाही. मारामारी, फसवणूक, दारू पिऊन गाडी चालवणं, कुणाला उडवून पळून जाणं, यांतल्या कशासाठीही सदस्याला अटक होऊ शकते, अधिवेशन चालू असतानाही. पाळायची पथ्यं दोनच. अटक झाली की ती का आणि कुठं झाली, हे सभागृहाच्या प्रमुखांना, म्हणजे विधानसभेच्या अध्यक्षांना किंवा विधान परिषदेच्या सभापतींना, ताबडतोब कळवायचं. आणि विधानभवनाच्या आवारात त्यांच्या परवानगीशिवाय अटक करायची नाही. स्थानबद्धतेपासूनही सुटका नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६० च्या दशकातच स्पष्ट केलं होतं.

आता राहिला रस्ता. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १३० सांगतं की, गणवेशातल्या पोलिस अधिकाऱ्यानं मागितलं की सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणाऱ्यानं लायसन दाखवलं पाहिजे. कलम १८३ वेगमर्यादा ओलांडणाऱ्याचं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात मोटारीसारख्या हलक्या वाहनाला एक हजार ते दोन हजार रुपये दंड आहे. या कलमांत ‘आमदार-खासदार वगळून’ असे शब्द मी शोधले. सापडले नाहीत. सवलत आहे ती आगीच्या बंबाला, रुग्णवाहिकेला, तातडीच्या कामावर निघालेल्या पोलिसांच्या गाडीला. तीही काम तातडीचं असेल तेव्हाच, आणि इतरांना धोका होणार नाही हे पाहून. उलट त्याच दुरुस्तीनं कलम २१०-ब घातलं. हा कायदा राबवण्याचा अधिकार ज्यांच्याकडं आहे, त्यांनीच तो मोडला तर त्यांना दुप्पट दंड. कायद्याचा कल पाहा. जबाबदारी मोठी, तर दंडही मोठा.

‘मग टोलनाक्यावरच्या फलकाचं काय?’ असं कुणी विचारेल. महामार्गाच्या टोलनाक्यावर सूट असलेल्यांची यादी लावलेली असते. तिच्यात खासदार असतात आणि ओळखपत्र दाखवल्यास आपापल्या राज्यातले आमदारही असतात. पण ती पैशांची सवलत झाली. नाक्यावर पैसे न देण्याची मुभा म्हणजे पुढं दीडशेच्या वेगानं जाण्याची मुभा नव्हे. एका फलकावरची सूट माणसं मनातल्या मनात सगळ्या रस्त्यावर पसरवतात.

वकीलसाहेबांना मी विचारलं, ‘मग हा अटकेचा विशेषाधिकार मुळात आला कुठून?’ त्यांनी जे सांगितलं ते मला फार मोलाचं वाटलं. कारण या अधिकाराचा जन्म खरोखर रस्त्यावरच झाला आहे.

इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात, आठव्या हेन्रीच्या काळी, जॉर्ज फेरर्स नावाचा एक सभासद होता. दुसऱ्याच्या कर्जाला तो जामीन राहिला होता. त्या कर्जापायी, पार्लमेंटकडं जात असतानाच त्याला पकडून तुरुंगात टाकलं. पार्लमेंटनं आपला दंडधारी पाठवून त्याला सोडवून आणलं. विचार साधा होता. लोकांनी निवडून दिलेला माणूस सभागृहात पोचलाच नाही, तर त्या लोकांचं बोलणं कोण बोलणार? दूरच्या परगण्यातून घोड्यावर बसून यायचं, वाटेत सावकार नाहीतर राजाचा माणूस हटकणार. म्हणून सभागृहात असताना, तिथं जाताना आणि तिथून परतताना संरक्षण.

पुढं ४ जानेवारी १६४२ रोजी राजा पहिला चार्ल्स हत्यारबंद माणसं घेऊन थेट पार्लमेंटात घुसला. त्याला पाच सभासद पकडायचे होते. ते आधीच निसटले होते. अध्यक्ष विल्यम लेंथॉल यांना राजानं विचारलं, ते कुठं आहेत? लेंथॉल गुडघ्यांवर बसले, पण त्यांनी सांगितलं नाही. सभागृहाच्या आज्ञेशिवाय आपण काही पाहू शकत नाही की बोलू शकत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. १६८९ च्या हक्कांच्या कायद्यानं सभागृहातल्या बोलण्याला कायमचं संरक्षण मिळालं. आपल्या घटनेनं हीच परंपरा घेतली. अनुच्छेद १९४ मध्ये सुरुवातीला तर स्पष्टच लिहिलं होतं की, विधिमंडळ स्वतः कायदा करीपर्यंत बाकीचे विशेषाधिकार ब्रिटिश पार्लमेंटाच्या हाऊस ऑफ कॉमन्ससारखेच राहतील. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं तो उल्लेख गेला, पण आशय तसाच राहिला. आणि हे विशेषाधिकार एकत्र लिहून काढणारा सर्वंकष कायदा मात्र आपल्याकडं अजून झालेला नाही.

म्हणजे राजानं लोकांच्या माणसाला वाटेत अडवू नये, यासाठी हे कवच घडवलं गेलं. ते ज्याच्यापासून वाचवायचं होतं तो होता राजा. हातात शिट्टी घेऊन चौकात उभा असलेला हवालदार नव्हे.

हे कवच नीट न तपासता रस्त्यावर आणलं की काय होतं, याचा नमुना अमेरिकेत पाहायला मिळतो. तिथल्या १७८७ च्या राज्यघटनेत लिहिलं आहे की, देशद्रोह, गंभीर गुन्हा आणि शांतताभंग सोडून इतर बाबतींत सभासदांना अधिवेशनाला जाता-येता अटक करू नये. वाचणाऱ्याला वाटेल, साधा गुन्हा म्हणजे सुटलोच. पण १९०८ मध्ये विल्यमसन नावाच्या एका काँग्रेस-सदस्याच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, या तीन शब्दांत सगळेच फौजदारी गुन्हे येतात. उरलं फक्त दिवाणी अटकेपासूनचं संरक्षण. म्हणजे फिरून आपल्या कलम १३५-अ च्याच जागी.

पण तिथं प्रत्येक राज्याची घटना वेगळी. ॲरिझोना राज्याच्या घटनेत असेच शब्द आहेत, आणि शिवाय अधिवेशनात व त्याच्या १५ दिवस आधी सभासदावर दिवाणी कारवाई करू नये, असंही आहे. तिथल्या पोलिसांत समज असा रुजला की, अधिवेशन चालू असताना सभासदाला वेगाची पावतीसुद्धा द्यायची नाही. मार्च २०१८ मध्ये तिथल्या एका सभासदाला पोलिसानं अडवलं. ५५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर तो ताशी ९७ मैलांनी चालला होता, म्हणजे आपल्या हिशेबानं ९० च्या जागी साधारण १५५ किलोमीटर. त्यानं विशेषाधिकार सांगितला, आणि आपण कधीकधी याहूनही वेगानं जातो असंही बोलून गेला. पोलिसानं त्याला सोडून दिलं. पण पोलिसाच्या अंगावर कॅमेरा होता. काही महिन्यांनी ते चित्रण लोकांनी पाहिलं. ऑगस्टमध्ये स्वतःच्या पक्षाची उमेदवारी मिळवण्याच्या निवडणुकीत तो सभासद हरला.

मार्च २०२४ मध्ये त्याच राज्यात टुसॉन शहरात एका महिला सभासदाची गाडी ३५ मैलांच्या रस्त्यावर ७१ मैलांच्या वेगानं जाताना अडवली गेली. त्या वेळी पावती मिळाली नाही. ती मिळाली अधिवेशन संपल्यावर. म्हणजे जिथं या अधिकाराचा अर्थ सगळ्यांत सैल लावला जातो, तिथंही पावती लांबते, चुकत नाही. आपल्याकडं ती लांबवण्याचीही तरतूद नाही. आपल्याकडं फक्त काच अर्धी खाली होते.

आपल्या महाराष्ट्रातला प्रसंग पुष्कळांना आठवत असेल. मार्च २०१३. मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर वेगाच्या कारणावरून एका आमदाराची गाडी एका पोलिस अधिकाऱ्यानं अडवली. शब्दाला शब्द वाढला. अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होतं. आमदारांनी सभागृहात त्या अधिकाऱ्याविरुद्ध हक्कभंगाची सूचना दिली. दुसऱ्या दिवशी तो अधिकारी विधानभवनात आला असताना काही आमदारांनी त्याला मारहाण केल्याचा आरोप झाला. सगळा महाराष्ट्र हळहळला. त्याच्या पुढच्या दिवशी सभागृहानं पाच आमदारांना निलंबित केलं. पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि दोन आमदारांना अटकही झाली.

त्या प्रसंगाचा शेवटचा भाग पुन्हा वाचा. अधिवेशन चालू असताना आमदारांना अटक झाली. कोणतंही कवच आडवं आलं नाही. फौजदारी बाबतीत विशेषाधिकार नाही, याचा याहून ठळक दाखला शोधायला नको.

मग कायदा इतका सरळ आहे, तर त्या रात्री हवालदाराचा हात का वळला?

याचं उत्तर ‘हक्कभंग’ या शब्दात आहे. सदस्याच्या कामात कुणी अडथळा आणला, तर सदस्य हक्कभंगाची सूचना देतो. ती हक्कभंग समितीकडं जाऊ शकते. समिती अधिकाऱ्याला बोलावते, खुलासा मागते, आणि शेवटी सभागृह शिक्षाही देऊ शकतं. ही शक्ती कागदावरची नाही. मार्च २०२३ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेनं सहा पोलिसांना सभागृहात उभं केलं आणि एक दिवसाची, म्हणजे त्या रात्री १२ वाजेपर्यंतची, कैद सुनावली. प्रकरण २००४ चं होतं, आंदोलनात एका आमदारावर लाठी चालवल्याचं. त्याचा रस्त्यावरच्या पावतीशी संबंध नव्हता. पण अशी बातमी चौकातला हवालदारही वाचतो. दोन हजारांच्या पावतीपायी मुंबईला हेलपाटे, खुलासे, नाहीतर रातोरात बदली, पोरांच्या शाळा अर्ध्यावर. हा हिशेब तो शिट्टी ओठांत असतानाच करतो. कायद्याला विशेषाधिकार माहीत नसतो, पण भीतीला असतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी अन्याय केल्यासारखं होईल. समजा, उद्या सभागृहात सरकार एका मतानं तरणार की पडणार असा प्रसंग आहे, आणि विरोधी पक्षाच्या आमदाराची गाडी लायसन पाहण्याच्या निमित्तानं चार तास नाक्यावर बसवून ठेवली. हे पहिल्या चार्ल्सचंच काम झालं, फक्त खाकी कपड्यांत. तिथं हक्कभंग जरूर आणावा. पोलिसानं शिवी दिली, पैसे मागितले, तर आमदारानंही तक्रार करावी, जशी तुम्ही-आम्ही करतो तशी. पण पाच मिनिटांत लायसन पाहून पावती देणं, यानं कोणाही आमदाराचं सभागृहातलं भाषण बुडत नाही.

न्यायालयांनी ही रेघ अलीकडं आणखी स्पष्ट केली आहे. केरळ विधानसभेत २०१५ मध्ये अर्थसंकल्पाच्या वेळी मोडतोड झाली होती. त्या खटल्यात जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की, सभागृहाच्या आत केलेली मोडतोडही विशेषाधिकारात बसत नाही. मग ४ मार्च २०२४ रोजी सीता सोरेन प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठानं १९९८ चा जुना निर्णय फिरवला. सभागृहातल्या मतासाठी किंवा भाषणासाठी लाच घेतली, तरी संरक्षण नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी दिलेली कसोटी समजायला सोपी आहे. मागितलेला अधिकार सभागृहाच्या एकत्रित कामाशी जोडलेला आहे का? आणि सदस्याचं आवश्यक काम त्याच्याशिवाय अडतं का? आता आमची ती कोजागिरीची गाडी या कसोटीवर लावून पाहा. मध्यरात्री, एकेरी रस्त्यावर, उलट्या बाजूनं. सभागृहाचं कोणतं काम अडलं होतं? पान तर आम्ही थांबून खाल्लं.

काही गोष्टी बदलल्या, हेही खरं. एकेकाळी लाल दिव्याची गाडी दिसली की रस्ता आपोआप दुभंगायचा. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लाल दिवा फक्त उच्च घटनात्मक पदांपुरता ठेवायला सांगितला, आणि १ मे २०१७ पासून केंद्र सरकारनं तो सगळ्यांच्याच गाड्यांवरून उतरवला. तो दिवस नेमका आपला महाराष्ट्र दिन. दिवा टपावरून उतरला, पण काचेवर ‘आमदार’ अशी पाटी राहिली. आमदारच कशाला? त्यांच्या भाच्याच्या, मेहुण्याच्या, कार्यकर्त्याच्या गाडीवरही तशीच पाटी दिसते. घटनेत लोकप्रतिनिधीला जे मिळालेलं नाही, ते त्याच्या मेहुण्याला आपण देऊन टाकलं आहे.

आता चौकाचौकांत कॅमेरे आले आहेत. गाडीचा नंबर टिपतात, चलान मोबाइलवर धाडतात. कॅमेऱ्याला कान नसतात. ‘गाडी साहेबांची आहे’ हे त्याला ऐकू येत नाही आणि त्याची बदलीही करता येत नाही. ही चांगली गोष्ट आहे. पण दारू प्यालेला चालक, उलटा घुसलेला ट्रक, लायसन नसलेलं पोर यांना जागच्या जागी थांबवायला अजून माणूसच लागतो. त्याचा हात वर राहायला हवा.

तो हात कशानं वर राहील? वरिष्ठांनी त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं, हे तर झालंच. पण मला वाटतं, सगळ्यांत जास्त उपयोग गाडीत बसलेल्यांचा होईल. त्या गाडीत एकटे आमदार नसतात. ड्रायव्हर असतो, कार्यकर्ता असतो, एखादा प्राध्यापक असतो, माझ्यासारखा एखादा कवी असतो. आमदारांनी सहज म्हटलं असतं, ‘कर रे बाबा पावती, चूक आमची आहे,’ तर त्यांचं काहीच कमी झालं नसतं. ती गोष्ट मी आज त्यांचं नाव घेऊन सांगितली असती, आणि ऐकणाऱ्यांनी त्यांना मनातून सलाम केला असता.

आणि मी? मी सभा-संमेलनांतून माणसाच्या स्वाभिमानावर कविता म्हणतो. त्या रात्री दोन तास आधीच म्हटली होती, टाळ्याही मिळाल्या होत्या. मी एवढं तरी म्हणू शकलो असतो, ‘साहेब, पावती होऊ द्या.’ म्हटलं नाही. उतरावं लागेल की काय, या विचारानं गप्प बसलो. त्या रात्री हवालदाराला त्याच्या नोकरीची काळजी होती. मला फक्त घरापर्यंतच्या बैठकीची होती.

त्यानंतर ते आमदार दोनदा भेटले. प्रेमानं ‘चला’ म्हणाले. मी हात जोडले आणि एस.टी.ची वेळ सांगितली. त्यांना कारण सांगायचं धैर्य तेव्हाही झालं नाही, म्हणून आज इथं सांगितलं. ते ऐकत असतील तर त्यांना एवढीच विनंती. विशेषाधिकार तुमचा आहेच, आणि आम्हीच तो तुम्हाला दिला आहे. सभागृहात आमच्यासाठी निर्भयपणे बोला, तो तिथं वापरा. चौकात मात्र अब्बा म्हणायचे तेच खरं. तिथं स्टेअरिंगमागच्या माणसाचं नाव एकच असतं, आणि लायसन त्याच्या वरच्या खिशात असायला हवं.